मिक सूर्याकडे पाठ करून उभा राहिला

त्याचं नाव मिक. आडनाव छापू नका म्हणाला, म्हणून नुसतं मिक. डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या एका बिझनेस पार्कमध्ये आम्ही दोघं सिक्युरिटीला आहोत. तो आयरिश फौजेतला रिटायर्ड कॉर्पोरल, मी आपल्या फौजेतला हवालदार. तरुणपणी तो संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून लेबनॉनला होता. शेजारच्या कॅम्पात आपली पलटण होती. तिथल्या पुऱ्या त्याला अजून आठवतात. हवालदार म्हणजे सार्जंट हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी त्याचा 'सार्जंट'.

बायको नर्स, तिच्या मागोमाग मी इथे आलो. दहावीनंतर शाळा सोडून भरती झालेला माणूस. ड्यूटीवर फोन वाजला की अजून आधी मिककडे बघतो, समोरचा इंग्रजीत काय बोलेल आणि आपण काय ऐकू. असे किती फोन मिकने माझ्याऐवजी उचललेत. पण यंदाच्या ग्रहणाला त्याने जे केलं, ते आपल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहून ठेवावं असं वाटलं. त्यासाठी आधी दत्ताचं सांगावं लागेल.

लान्स नाईक दत्ता पवळे माझा बडी, म्हणजे ड्यूटीतला जोडीदार. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात आम्ही अरुणाचलमध्ये चीनच्या सीमेवर एका उंच पोस्टवर होतो. रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, मग पेट्रोलिंग, पाणी, दुरुस्त्या, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. स्टँड-टू म्हणजे काय ते सांगतो. उजेड बदलतो ती वेळ हल्ल्याची. तेव्हा प्रत्येकाने हत्यार घेऊन मोर्च्यात, म्हणजे खंदकात, उभं राहायचं आणि समोर बघायचं. समोर म्हणजे समोरच.

त्या जुलैत एका सकाळी खग्रास ग्रहण होतं आणि त्याचा पट्टा आमच्या डोक्यावरून जात होता. दत्ताची बायको, वैशालीवहिनी, गरोदर होती. गावी सासूने बजावलं होतं की ग्रहणभर आतल्या खोलीत बसायचं, हलायचं नाही, विळी-कात्रीला शिवायचं नाही. वहिनी फोनवर रडकुंडीला आली. दत्ता तिला म्हणाला, "तू बस गप आत. मी डोंगरावरचं अख्खं ग्रहण फोटोत आणतो. बाळालाही दाखव." त्याने ऑफिसातल्या क्लार्कचा कॅमेरा मागून आणला.

आदल्या संध्याकाळी सुभेदार कदमसाहेबांनी ऑर्डर सुनावली. उजेड जाणार, म्हणजे स्टँड-टू. कोणीतरी मागून विचारलं, मग ग्रहण कधी बघायचं?

"ग्रहण पलीकडच्यांनाही लागणार आहे," साहेब म्हणाले. "ते काय बघतायत, ते तुम्ही बघा."

वहिनीची गोष्ट कानावर गेल्यावर मात्र त्यांनी एक माणूस मोकळा सोडला. फक्त पवळे. बाकी कोणी मान वळवली तर आठवडाभर लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, कांदे सोलायचे.

सकाळी नशिबाने ढग फाटले. आम्ही मोर्च्यात, सूर्य आमच्या पाठीशी. दत्ता मागे वाळूच्या पोत्यांवर कॅमेरा टेकवून बसला होता. सूर्य निम्मा झाकला असेल, तेवढ्यात वायरलेस सेटवर खालची पोस्ट आली.

"टायगर फॉर चार्ली. ट्रॅकवर लँडस्लाइड आली. दोन पोर्टर दबलेत. माणसं पाठवा, ओव्हर."

मोर्चा सोडता येत नव्हता. मोकळी माणसं तीन. कुक, नर्सिंग असिस्टंट आणि दत्ता. साहेबांनी त्याचं नाव घ्यायच्या आत तो उठला होता. कॅमेरा पोत्यांच्या फटीत ठेवला. माझ्यामागून जाताना म्हणाला, "वहिनीला सांग, ढग आला होता."

मग अंधार पडला. त्या वेळी दिवसा तारे दिसतात म्हणे. मला समोरच्या डोंगराची कड काळी होताना दिसली. पक्षी गप्प झाले, गार वारा आला. एकाही माणसाने मान वळवली नाही. थोड्या वेळाने कड पुन्हा हिरवी झाली.

दोन्ही पोर्टर जिवंत निघाले. दुसऱ्याला वर देताना डोंगर पुन्हा सुटला. दत्ताला आम्ही संध्याकाळी आणलं. कॅमेऱ्यात फोटो नव्हता.

दत्ताची श्रावणी त्याच वर्षी, दिवाळीनंतर जन्मली. आता अकरावीत आहे.

यंदा ऑगस्टमध्ये इथे ग्रहण होतं. खग्रास स्पेनला, आपल्याकडे सूर्याची बारीक कोर उरणार होती. आदल्या दिवशी चहाच्या वेळी मी मिकला दत्ताचं सांगितलं, त्याचा राहिलेला फोटो काढायचाय हेही.  त्याने कप धुतला, प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवला आणि सुपरवायझरकडे गेला. ग्रहणाच्या संध्याकाळी दोघांची ड्यूटी होती. नोकरीवर काही येईल का, या काळजीने मी अर्धा झालो. परत येऊन म्हणाला, "सगळं ग्रँड आहे, सार्जंट. ड्यूटी बदलून घेतली. उद्या चार वाजता कॅमेरा घेऊन खाली ये."

त्याच्या गाडीतून आम्ही विकलोच्या डोंगरात गेलो. वर पोहोचलो तर ढगात. पुढचा रस्ता दिसेना, सूर्य कुठला दिसतोय. मी म्हणालो, जाऊ दे, परत फिरू. दत्ताच्या नशिबात फोटो नाहीच. मिकने मेव्हण्याला फोन लावला. त्याची मेंढरं डोंगराच्या पश्चिम उतारावर असतात.

"तुझ्याकडे कसं आहे?"

पलीकडून काहीतरी आलं. मिकने फोन ठेवला, गाडी वळवली. तिकडे ढग पातळ आहे म्हणतोय, एवढंच मला सांगितलं.

पातळच होता. मेव्हण्याच्या कुंपणाशी मी ट्रायपॉड लावला. पश्चिमेला डोंगरांची रांग, त्यावर दुधासारखा ढग आणि ढगाआड सूर्य, चावा घेतलेला. ढग नसता तर फिल्टर लावावा लागला असता आणि डोंगर काळे गेले असते. तो होता म्हणून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर कोर आणि डोंगर एकाच चौकटीत आले. कोर बारीक होत चालली. मला फक्त बटण दाबायचं होतं.

आणि उजेड उतरला. मेंढरं ओरडायची थांबली, मानेवर गार वारा लागला. माझं अंग आपोआप वळलं. सूर्याकडे पाठ, डोळे खालच्या उतारावर. खाली कोणी नव्हतं. मला ते कळत होतं, तरी मान फिरेना. मागे ढग दाट होत होता.

मिकने एकदा माझ्याकडे पाहिलं. आयरिश असो की आपला, फौजी माणसाला हे सांगावं लागत नाही. तो माझ्या जागी येऊन उभा राहिला. सूर्याकडे पाठ, पाय फाकलेले, नजर खाली उतारावर.

"स्टँड डाउन, सार्जंट. जमीन माझ्याकडे दे. तू तुझा फोटो काढ."

मी वळलो. नऊ फोटो मिळाले, मग ढगाने सगळं झाकलं.

गाडीत मी मिकला म्हटलं, तू काहीच पाहिलं नाहीस. तो म्हणाला, मेंढरं पाहिली, फार हुशार दिसत होती.

फोटो रस्त्यातूनच पाठवला. तिकडे मध्यरात्र झालेली, तरी वहिनी जागीच होती. तिचं उत्तर आलं, "भाऊजी, आत बसले नाही. दारात उभं राहून बघितला." खाली श्रावणीने विचारलं होतं, काका, यात बाबा कुठे असते? मी लिहिलं, कॅमेऱ्यामागे, जिथून हे दिसतं तिथे. तिने तो फोटो दत्ताच्या वर्दीतल्या फोटोशेजारी लावलाय. लान्स नाईक दत्ता पवळे. दोन माणसं घरी पोहोचवून गेला.

पुढच्या ऑगस्टला दक्षिण स्पेनमध्ये खग्रास आहे. मिकला मी घेऊन जाणार आहे. अजून त्याला सांगितलेलं नाही. हे वाचून कोणी तरी सांगेलच. तिथे तो खुर्ची टाकून वर बघेल. जमीन मी बघेन.