काठाची मोकळी टोकं

आमची आत्या चटया विणायची आणि जागेपणी स्वप्नं बघायची, दोन्ही एकाच वेळी. ओल्या लव्हाळ्याच्या वासात मागापाशी बसली की हाक ऐकू जायची नाही. आम्ही म्हणायचो, आत्या गेली गावाला.

आमच्या गल्लीतल्या विणकरांची एक रीत होती. चटईचा शेवटचा काठ मागावर बांधायचा नाही. जिथे अंथरायची त्या घरी जायचं, खोलीच्या मापाने टोकं कापायची आणि तिथेच गाठ मारायची.

तेव्हा परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी चालल्या होत्या. बाहेरच्या स्वस्त चटयांवरचा कर उठला तर आमचा धंदा बसणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. एक सरकारी साहेब नमुना न्यायला आले. तिकडे वाटाघाटींच्या टेबलावर ठेवतो, म्हणाले, म्हणजे हे काम का वाचवायचं ते दिसेल. सगळ्यांनी आत्याची चटई पुढे केली. तिने ती रीतीप्रमाणे काठ मोकळा ठेवून दिली. साहेबांना रीत समजावून सांगावी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग आत्या बोलावण्याची वाट बघू लागली. टेबल असलेल्या त्या खोलीत जाऊन गाठ मारायची होती ना! पिशवीत कात्री आणि इस्त्रीचे कपडे भरून ठेवले. विणता विणता ती तिकडे फिरून यायची. खिडक्या उंच आहेत म्हणायची, पडदे हलतात, माणसं हळू बोलतात. एकदा म्हणाली, टेबल फार लांब आहे, चटई तोकडी पडेल. मी हसलो, पण ती खोली हळूहळू मलाही दिसायला लागली होती.

बोलावणं आलं नाही. कर उठला. बाजारात गुळगुळीत रंगीत चटया आल्या आणि आमचे माग मोडीत गेले. आत्या एका हॉटेलात चादरी धुवायला जाऊ लागली.

बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, साहेब दारात आले. काखेत तीच चटई. त्यांनी सगळं सांगून टाकलं. लोंबणारी टोकं पाहून त्यांना वाटलं होतं, आम्ही अर्धवट माल गळ्यात मारला. चारचौघांत हसं नको, म्हणून तिथे ती उलगडलीच नाही. उलगडली असती तर कर राहिला असता का, देव जाणे. मला इतका राग आला की त्यांना पाणीही विचारावंसं वाटेना. पाणी आत्याने दिलं.

"एवढा काठ बांधून द्याल?" त्यांनी विचारलं.

"इथे नाही बांधत," आत्या म्हणाली. "अंथरायची कुठे?"

ते म्हणाले, घरी, पलंगापाशी.

आत्याने माळ्यावरून ती पिशवी काढली. कपडे घड्यांवर पिवळे पडले होते, तरी तेच घालून निघाली. मीही गेलो. तिने माप घेतलं, टोकं कापली, गाठ मारली. मग काठावर हात ठेवून खिडकी, पडदा, कोपऱ्यातलं लहानसं टेबल, सगळं सावकाश पाहिलं.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "खोली मोठी असेल."