लातुरातला एकुलता एक ज्यू

मे महिन्यात लातुरात लांब काळा कोट आणि काळी हॅट घालून फिरणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा नव्या कोचिंग क्लासची जाहिरात. हे गृहस्थ ज्यू धर्मगुरू होते. डाळमिलमध्ये यंत्र बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर ज्यू आहे, एवढं कळताच ते मुंबईहून निघाले होते. एका मतासाठी आमचे पुढारीही एवढे फिरत नाहीत. मी बातमीसाठी मिलमध्येच होतो.

"देवधर्म मी सोडलाय. तुम्ही लोक इथेही पोचलात?" इंजिनिअर इंग्रजीत भडकला.

"तुम्ही आलात, म्हणून यावं लागलं," धर्मगुरू घाम पुसत म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत एक प्रार्थना म्हणा. मग मी जातो."

ही ब्याद टळावी म्हणून इंजिनिअरने डावा हात पुढे केला. धर्मगुरूंनी त्याच्या दंडावर प्रार्थनेची लहान काळी पेटी ठेवली, चामडी पट्टा हातभर गुंडाळला आणि पहिला शब्द सांगितला. पुढचे सगळे इंजिनिअरने न सांगता म्हटले.

"मामा, साहेबाचं बीपी बघायलेत का?" हमालाने मुकादमाला विचारलं.

"व्हय रे. लई वाढलेलं दिसतंय. साहेब रडायलाय की."