तोंडी माप

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणकाम करणारे मास्तर. गिऱ्हाइकं मास्तर म्हणायची, म्हणून बायको चारचौघांत मास्तर म्हणायला लागली, आणि एकुलती एक लेक तर बोलायला लागली तीच 'मास्तल' अशी. ती पुढे एम.ए. झाली, नोकरीला लागली, तरी 'बाबा' हा शब्द काही तिच्या तोंडी बसला नाही. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मास्तरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: तोंडी मापावर कात्री चालवायची नाही. "छत्तीस घ्या हो, माझं नेहमीचंच आहे," असं म्हणणारा माणूस हमखास अडतीस निघतो. टेप लावायची, आकडा लिहायचा, मगच कापड पुढ्यात ओढायचं.

असा हा मोजूनमापून बोलणारा माणूस एकदा भलतंच बोलून गेला. लेक नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली, तेव्हा मास्तर एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "तुझ्या पणजीनंही हेच केलं होतं. रक्तातच आहे, दुसरं काय!"

लेकीनं बॅगा खाली ठेवल्याच नाहीत. तशीच वळली, मैत्रिणीकडे गेली आणि पंधरा दिवसांत गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेऊन राहू लागली. आईला फोन करायची. खुशाली मास्तरांना बायकोच्या तोंडून कळायची, तीही निम्मी. याला आता अकरा महिने होत आले होते.

तेव्हापासून मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. मशीनवर बसले की उठावंसं वाटे, उठले की कशाला उठलो ते आठवत नसे. एका बाईच्या ब्लाउजला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या, आयुष्यात पहिल्यांदा. बोललेला शब्द परत घ्यायचा तर तो खरा की खोटा हे तरी कळायला हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पणजी, म्हणजे मास्तरांची आजी, घर सोडून का गेली? जायला कारण असेल तर लेकीला तसं सांगता येईल. नसेल तर... नसेल तर काय, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

पुरावा एवढाच होता. मास्तर बारा वर्षांचे असताना वडील गेले, आणि त्यांच्या ट्रंकेत शाळकरी वयातली एक वही सापडली. तिच्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं: "आज आई घर सोडून गेली. वहिनी दिवसभर रडत होती." बस. पुढच्या पानावर पाढे. वडील असते तर विचारता आलं असतं. ते असताना एवढंच म्हणायचे, की मला वहिनीनं वाढवलं, वहिनी होती म्हणून शिकलो. आईचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. घरानं त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला: आई पोरांना टाकून गेली आणि वहिनीनं निस्तरलं.

एका चुलतभावाकडून मास्तरांनी घराण्याची यादी मिळवली. बेतण्याच्या खाकी कागदावर पट्टीनं रेघा मारून सहा पिढ्या उतरवल्या आणि कागद कपाटाच्या दारावर टाचला. बायकोनं चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अहो, यात एकही बाई नाही. ही माणसं काय झाडाला लागली होती?"

मास्तरांनी मग आजोबांच्या शेजारी एक रिकामी चौकट काढली, आणि लांब एका बाजूला 'वहिनी' लिहून तिच्यापासून वडिलांपर्यंत तुटक रेघ ओढली, कच्चा धावदोरा घालावा तशी.

आता रिकाम्या चौकटीचा शोध. वडिलांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर त्यांनी महिनाभर खेटे घालून उघडायला लावलं. त्यात बापाचं नाव होतं, बापाचा धंदा होता, आईसाठी रकानाच नव्हता. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकुनानं विचारलं, आजीचं नाव काय? मास्तर म्हणाले, तेच तर शोधतोय. कारकून म्हणाला, नाव माहीत असल्याशिवाय नाव सापडत नाही, काका. त्याचंही बरोबरच होतं. मास्तर तीन जिने उतरून खाली आले, पुन्हा चढून वर गेले आणि तोच प्रश्न दुसऱ्या खिडकीवर विचारला.

बायको पहिल्या दिवसापासून एकच घोकत होती, की आत्यांना विचारा. वडिलांची धाकटी बहीण, एकोणनव्वदीची, आपल्या मुलाकडे होती. बसनं तीन तासांची वाट. पण मास्तरांना ते पटेना. आत्या त्या वेळी पाच वर्षांची होती, आता तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. तिचं बोलणं म्हणजे तोंडी माप. लेखी काय आहे ते बघू. शेवटी बायकोनं तिकीटच काढून हातात ठेवलं आणि म्हणाली, "जा आता. नाहीतर तो कागद तरी काढा. मला कपाट उघडता येत नाही."

आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. कानाला यंत्र, मांडीवर निवडायची मेथी. भाच्याला तिनं आवाजावरून ओळखलं. मास्तरांनी आपली मापांची वही उघडली आणि कचेरीत विचारावं तसं विचारलं, आत्या, तुझ्या आईचं नाव काय? तिनं झटकन सांगितलं. अकरा महिन्यांचं अडलेलं घोडं एका शब्दात सुटलं. मास्तरांनी नाव लिहिलं, खाली रेघ मारली.

"आणि ती घर सोडून का गेली?"

"कोण? वहिनी?" आत्याचे हात थांबले. "वहिनी कुठं जातेय! मरेपर्यंत त्याच घरात राबली."

"वहिनी नव्हे गं, तुझी आई."

"अरे, वहिनी म्हणजेच माझी आई. घरात चार दीर, सगळे वहिनी वहिनी करायचे, आम्ही पोरंही तेच शिकलो. तुझी लेक नाही का तुला मास्तर म्हणत? उद्या तिच्या पोरांनी तुला शाळेत जाऊन शोधायचं का?"

मास्तरांनी वहीतलं नाव पुन्हा वाचलं. मग हळूच विचारलं, "मग आई कोण?"

"आई म्हणजे आजी. काका लोक तिला आई म्हणायचे, म्हणून आम्हीही आई. घर सोडून गेली ती आजी." आत्यानं मेथीची जुडी बाजूला सारली. "आमच्या बापानं वहिनीवर हात उचलला होता. पहिल्यांदा नव्हे. त्या दिवशी आजी चुलीपुढून उठली, म्हणाली, ज्या घरात माझा मुलगा बायकोला मारतो तिथं मी जेवणार नाही. नेसत्या लुगड्यानिशी गेली. वहिनी रडली ती त्यासाठी. एक बाजू घेणारं माणूस होतं, तेही गेलं."

आजोबांचा फोटो मास्तरांच्या दुकानात कात्रीच्या खिळ्याच्या वरच होता. मास्तर उठले, खिडकीपर्यंत गेले, परत बसले, पुन्हा उठले. आत्या म्हणाली, बस रे, पंख्यासारखा फिरू नकोस, मला गरगरतं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते लेकीच्या खोलीवर गेले. वाटेत जुळवाजुळव चालली होती: तुझी पणजी गेली नव्हती, खापरपणजी गेली. पणजी नव्हे, खापरपणजी. याला माफी म्हणतात का, हे त्यांना कळेना. रक्तात तर अजूनही होतंच की.

दुपारचे अडीच वाजले होते. लेकीला सुट्टी होती. ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. "या, मास्तर," एवढंच म्हणाली आणि एकुलत्या एक खुर्चीवरचे कपडे उचलले. मास्तर उभ्यानंच बोलू लागले, आणि वहीतल्या ओळीपासून आत्याच्या मेथीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी बोललो ते चुकीचं होतं. मापच चुकलं."

लेक घडी तशीच हातात धरून ऐकत होती.

"मग तिला आणायला कोण गेलं?"

कोण कुणाची कोण, हे सगळं मास्तरांनी आत्याला खोदखोदून विचारलं होतं. हे विचारलं नव्हतं. पाच मुलगे होते तिला. एक तरी गेला असेल? आठवड्यानं, वर्षानं?

"आत्ताच आत्याला फोन लावतो," म्हणत ते खिसे चाचपू लागले.

"आता झोपल्या असतील त्या. चारला उठतात, आई सांगत असते. थांबा चारपर्यंत."

मास्तर खुर्चीत टेकले. लगेच उठले. खोलीत चालायला चार पावलंच होती. ती संपली तसे खिडकीशी उभे राहिले. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर दोरीवरून निसटून अर्धी लोंबत होती. त्या चादरीकडे बघत, मागे न वळता, त्यांनी विचारलं,

"तुझं काय झालं होतं तिथं? सांगतेस?"

लेकीनं हातातली घडी पलंगावर ठेवली, दुसरा कपडा उचलला, तोही ठेवला.

"चार वाजेपर्यंत संपणार नाही ते," ती म्हणाली. "बसा."