त्या दोघांचं रशिया-अमेरिका

आमचे हे आणि समोरच्या ब्लॉकमधल्या बाई रोज संध्याकाळी रशिया-अमेरिकेवरून भांडतात. हे कारखान्यात युनियनचं काम करायचे, म्हणून रशियाचे. बाई कॉलेजात शिकवायच्या, त्या अमेरिकेच्या. दोघंही निवृत्त झाली, रशिया फुटून गेला, भांडण चालूच.

"कॉम्रेड, तुमचं जहाज बुडालं. आता तरी उतरा," बाई म्हणतात.

"बॉम्ब तुमच्या लोकांनी टाकला होता बाई, आमच्यांनी नाही."

"मग तुमचे बॉम्ब काय शोभेला ठेवले होते?"

यावर हे मोठ्याने हसतात. माझ्याशी बोलताना असे हसत नाहीत. बाई यायच्या आधी केस विंचरतात. परवा म्हणाले, "काल बाईंचा मुद्दा खरा होता हं." माझा मुद्दा खरा आहे, असं हे कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. मी चौथी शिकले. चहा देते आणि आत जाते. त्यांच्यात वाईट काही नाही, हे मला ठाऊक आहे. तसं असतं तर निदान रागावता तरी आलं असतं.

उन्हाळ्यात बाई लेकीकडे अमेरिकेला गेल्या आणि हे गप्प झाले. मंडईतून काय आणायचं, एवढंच विचारायचे. एका संध्याकाळी मी चहा ठेवला आणि बाईंच्या खुर्चीत बसले.

"मला अमेरिकाच बरी वाटते."

"तुला? का गं?"

"रशियात पावासाठी रांगा लागायच्या, तुम्हीच सांगितलंत. इथे रॉकेलच्या रांगेत मी उभी राहिले आहे. तुम्ही तेव्हा सभेत असायचात."

हे चिडले. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "रांगेत सगळ्यांना सारखं मिळतं! तिकडे खिसा रिकामा असला की रांगेतही कोणी उभं करत नाही."

"सारखं कुठलं? माझा नंबर आला की रॉकेल संपायचं."

लग्न झाल्यापासून हे असे माझ्याशी भांडले नव्हते. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात बाईंचा व्हिडिओ कॉल आला. "बाई, ऐका, आमच्या घरातच अमेरिका निघाली!" म्हणत हे फोन घेऊन गॅलरीत गेले. रांगेचं सगळं त्यांना सांगितलं.

"बरोबर बोलली ती," बाई म्हणाल्या. "द्या तिला फोन."

हे आत डोकावले. मी म्हटलं, "दूध उतू जाईल." गॅसवर दूध नव्हतंच.

ओट्याशी उभी राहून मी ऐकत राहिले. बाई माझ्याच रांगेवरून यांच्याशी भांडत होत्या, माझ्याहून कितीतरी चांगलं. आणि हे हसत होते.