मांडवाच्या दारावर कागद

शाळेतली पर्यवेक्षकाची जागा माझ्या हक्काची होती. सेवाज्येष्ठतेत मीच वरचा. पण अपघातापासून माझ्या उजव्या पायात रॉड आहे, जिना चढताना कठडा धरावा लागतो. एवढ्यावरून संस्थेनं माझ्याहून धाकट्या शिक्षकाला नेमलं. संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी मला अर्धापूरच्या घरी बोलावून चार माणसांत सांगितलं, "सर, तीन मजली शाळा. तुम्ही वर पोचस्तोवर तास संपून जाईल. लई मनावर घेऊ नका."

माणसं हसली. मीही हसलो.

घरी बायको म्हणाली, "तुम्ही कशापायी हसले?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. गावाचे अर्ज मी लिहून देतो. बढतीत डावललं तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत लातूरच्या शाळा न्यायाधिकरणात अपील करावं लागतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी कागद जमवायलाही लागलो होतो.

तेवढ्यात अण्णांच्या मुलीचं लग्न निघालं. पत्रिका घेऊन ते स्वतः आले. म्हणाले, "मांडव उतरू द्या सर, मग बसून मिटवू. घरचीच गोष्ट हाय."

ज्या दारात लग्नाचा मांडव घातला, त्या दारावर आमच्याकडं कोर्टाचा कागद काढत नाहीत. दुश्मनसुद्धा थांबतो. मी थांबलो.

बायको म्हणाली, "मांडव त्यांच्या दारात हाय, मुदत तुमची सरून राहिली."

"तुला यातलं काय कळतं?" मी म्हणालो.

लग्नात मला कमानीपाशी खुर्ची दिली आणि हातात अत्तरदाणी. बसून करायचं काम. येणारा मनगट पुढं करायचा, मी अत्तर लावायचो. नवा पर्यवेक्षक आला, त्यालाही लावलं. लाज याची वाटते की तेव्हा मला तो मान वाटला होता.

मांडव उतरल्यावर गेलो, तर अण्णा म्हणाले, "आता कसली गोष्ट सर? ऑर्डर निघून किती दिवस झाले!" मुदत उलटली होती.

लातूरच्या वकिलानं सगळं ऐकून घेतलं. "उशीर माफ होतो, पण कारण सबळ पाहिजे. पाय दुखत होता, अंथरुणाला खिळून होतो, असं लिहू. डॉक्टरचा कागद आणा."

"तसं लिहिलं तर अण्णा म्हणतात तेच खरं ठरतं," मी म्हणालो. "आणि मी अंथरुणात नव्हतो. अण्णांच्या मांडवात होतो."

वकिलाचा पेन थांबला. "एवढे शिकलेले तुम्ही सर, अन् लग्नापायी थांबले?"

दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या पक्षकारांनी आत वळून बघितलं. माझे कान तापले. तरी म्हणालो, "तेच लिहा. अत्तराचंही लिहा."

एसटीत बसल्यावर बायकोचा फोन आला. "काय कारण लिहिलं?"

"खरं तेच."

ती म्हणाली, "मुदत सरून राहिली म्हणून मी सांगितलं होतं, ते लिहिलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "ते लिहिलं तर उशीर माफ व्हायचा न्हाई."