एक डोळा लाल, एक पांढरा

दादाचा फोन आला तेव्हा मी बारामतीत, कॉलेजचं ऑफिस बंद करून निघत होते. ‘तुझी वहिनी गाडीवरनं पडली. इंदापूरला ये,’ एवढंच तो बोलला. कुठल्या दवाखान्यात, असं विचारलं तर म्हणाला, ‘आता दवाखाना कशाला...’ इंदापूरकडच्या एका जावळाचे फोटो काढून सुनंदावहिनी स्कूटीवरून माळेगावला परत निघाली होती. दिवस मावळलेला, कडेला उसाची ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना लाल पट्टी. स्कूटी तिच्यावरच आदळली. दहाव्याला घाटावर एक बाई दुसरीच्या कानाला लागली, ‘लेकराच्या डोळ्याला बोलली हुती ना... तिच्यावरच फिरलं.’ मला ऐकू यावं इतपत मोठ्यानं. ते लेकरू मला माहीत आहे आणि तो डोळाही माहीत आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणालाही सांगते, आणि वहिनी तर न विचारता सांगायची, ‘आमच्या वन्सं ग्रॅज्युएट हायत.’ तिचं स्वतःचं दहावीनंतर लग्न झालं. दादा साखर कारखान्यात. पुढच्या खोलीत लहान मुलांचे फोटो काढायचे, हे तिनं मोबाईलवर बघून बघून ठरवलं. सुरुवातीचे फोटो वाईट होते, खोटं कशाला बोलू? मागे धबधब्याचा फ्लेक्स, समोरून फ्लॅश, भिंतीवर पोराची काळी सावली आणि दोन्ही डोळे लालभडक. ‘भूत दिसतंय की गं,’ आमची आई म्हणाली. वहिनी हट्टाला पेटली. फ्लेक्स गेला, तिथं फिकी निळी साडी इस्त्री करून ताणली. पोराला भिंतीपासून बरंच पुढं बसवायला लागली, म्हणजे सावली मागं न उमटता जमिनीवर पडते. खिडकीला पांढरं धोतर लावून ऊन गाळून घेतलं, दुसऱ्या अंगाला मांडवातला थर्माकोल उभा केला. रविवारी पोराच्या जागी पाटावर मी. ‘वन्सं, हनुवटी वर. तुमचं नाक लै सावली पाडतंय.’ ‘नाक आबांचं हाय, त्यांना सांग जा.’ एकदा तिनं एक तान्हं बाळ पांढऱ्या चादरीवर निजवलं, तर बाळाच्या आजीनं चादर खसकन ओढली. ‘पांढऱ्यावर लेकरू निजिवतीस? कळतंय का काय तुला?’ तेव्हा आम्ही हसलो होतो.

कोऱ्हाळ्याच्या कोमलनं आपल्या ईश्वरीला पहिल्या वाढदिवसाच्या फोटोला आणलं, त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. खिडकीतून उजेड नाही म्हणून वहिनीनं समोरून फ्लॅश मारला. एक डोळा लाल आला. दुसरा पांढरा, मांजराच्या डोळ्यावर बॅटरी पडावी तसा. वहिनीला वाटलं, आपलंच चुकलं. थर्माकोल चमकत असेल म्हणून तो हलवला. साडीची जर असेल म्हणून साडी बदलली. मग ऊन पडल्यावर कोमलला पुन्हा बोलावलं, फ्लॅश बंद ठेवला आणि खिडकीचा उजेड बाजूनं घेतला. पांढरं गेलं. तिनं काढलेला सगळ्यात देखणा फोटो तो. गालावर तीट, ओठ जरासे उघडे, दोन्ही डोळे काळेभोर. त्याचा मोठा फ्लेक्स चौकात लागला. उजेड सुधारला होता, आणि जे दिसायला हवं होतं ते त्याच उजेडात झाकलं गेलं होतं...

पण तिला ते सोडेना. टाकून दिलेले जुने फ्लॅशचे फोटो उघडून बसली. सगळ्या पोरांचे दोन्ही डोळे लाल. पांढरा एकच. ‘वन्सं, लाईटीचा दोष असता तर सगळ्यांस्नी आला असता, न्हाय का?’ मी मोबाईलवर शोधलं. इंग्रजी वाचता येतं याचा मला अभिमान आहे. त्या दिवशी मात्र वाचलेलं मराठीत सांगण्याआधी मी ते तीनदा वाचलं. डोळ्याच्या आत गाठ असू शकते. असेलच असं नाही, पण लगेच दाखवा. उशीर झाला तर ते डोळ्यापुरतं राहत नाही.

आम्ही दोघी कोऱ्हाळ्याला गेलो. कोमलच्या सासूनं चहा ठेवला, आणि वहिनीनं फोटो पुढं केल्यावर चहा तसाच खाली उतरवला.

‘सोन्यासारख्या पोरीत खोट काढाया आलीस व्हय?’

‘मामी, खोट न्हाई. एकदा डोळ्याच्या डॉक्टरला दावा. मी येते संगं.’

‘लाईट तुझा वंगाळ, आन् डॉक्टर आमी गाठायचा?’

कोमलनं पोरीचं तोंड पदराखाली घेतलं. आम्ही उंबऱ्याबाहेर पडलो, तशा मागं चुलीत मीठ-मोहऱ्या तडतडल्या. सासूबाई पोरीची दृष्ट काढत होत्या, आमची लागलेली.

वहिनी फोन करत राहिली. मग कोमलचा फोन लागेनासा झाला. पोरगी दाराच्या चौकटीला धडकायला लागली, डोळा तिरळा झाला, तेव्हा कुठं त्यांनी पुणं गाठलं. डोळा काढावा लागला. पोरगी वाचली. आधी आणली असती तर कदाचित डोळाही राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. हे कोमलच्या नवऱ्यानंच दादाला कारखान्यावर सांगितलं. गावानं मात्र वेगळंच जुळवलं. हिनं बोलून दाखवलं म्हणून झालं! वहिनीकडं पोरं यायची बंद झाली. ‘पोरगी जगली ना, मग बोलंनात का काय बोलायचं ते,’ म्हणायची, पण फाटक वाजलं की उठून बघायची. शेवटी जिथं कुणी ओळखत नाही तिथली कामं घ्यायला लागली. इंदापूरचा रस्ता तिच्या वाट्याला आला तो असा.

मागच्या रविवारी दादा पुढच्या खोलीतली साडी उतरवायला निघाला होता, खताच्या गोण्या ठेवायला. तेवढ्यात दारात कोमल. कडेवर तान्हा मुलगा, पदराला धरून ईश्वरी. तिचा एक डोळा हलतो, दुसरा जागच्या जागी असतो.

‘ताई, ह्याचा एक फोटो काढा. समोरनं फ्लॅश मारून. वहिनींनी पयला काढला हुता तसा.’

मी म्हटलं, ‘फोटो म्हणजे तपासणी नाही, कोमल. पाठच्या भावंडालाही असू शकतं म्हणून दिलेली पुण्याची तारीख चुकवू नकोस.’

‘न्हाई चुकवत. ते बघत्यात त्याचं डोळं. पर मधल्या दिसांत मला झोप न्हाई... काढा.’

दादानंच खिडकी लावली. मी फ्लॅश मारला. असला फोटो वहिनीनं कुणाला दाखवलासुद्धा नसता. मागं काळी सावली, तोंड पांढरंफट्ट. आम्ही तिघांनी तो मोठा करून बघितला.

‘लाल,’ कोमल म्हणाली. ‘दुसरा?’

‘तोही लाल.’

ती खाली बसली. बाळाला मांडीवर नीट धरून म्हणाली, ‘अजून एक काढा.’ पुढचा काढताना बाळानं मान वळवली, एकच डोळा आला. तिसरा बरा आला. चौथ्याला दोन्ही डोळे मिटलेले. तो तिनं लगेच पुसायला लावला.

दादानं साडीला हात लावला नाही. परवा पुन्हा रविवार आहे, आणि कोमल म्हणून गेली आहे की पोरगं आपल्याला काय दिसतं ते बोलायला लागेपर्यंत ती येत राहणार. कॅमेरा मी आत्ताच चार्जिंगला लावलाय.