थांबून वाचायला शिकवणाऱ्या गावकर बाई

श्रीमती सुलभा गावकर बाईंची आणि माझी ओळख तक्रारीतून झाली, हे या गौरवग्रंथात प्रारंभीच नमूद करतो.

आरोंद्याच्या आमच्या देवळात श्रावणात पोथी वाचण्याचा मान चाळीस वर्षे माझ्याकडे आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे; परंतु वाचताना मी कधी अडखळलो नाही, आणि अध्याय संपेपर्यंत थांबायचे नाही अशी आमची रीत. त्या वर्षी बाईंच्या वर्गातली माझी नात वेदिका भर वाचनात म्हणाली, "आजोबानु, थांबा. आता वाचलात तां तुमच्या शब्दांत सांगा."

मला सांगता आले नाही. "तात्यानु, चेडवान बरां गाठल्यान!" असे पोरीचे कौतुक कोणीतरी केले आणि सारे देऊळ हसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. बाईंनी मला खुर्ची दिली आणि धडा चालू ठेवला. मुले आधी शीर्षकावरून तर्क करीत, परिच्छेद संपला की पुस्तक मिटून तो एकमेकांना सांगत, आणि कळले नाही तेथे पेन्सिलीने खूण करीत. जास्त खुणा करणाऱ्यास बाई शाबासकी देत. आमच्या वेळी त्याला छडी मिळाली असती. माझी नात बाईंकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मला कधी लाभली नाही. मला हेवा वाटला. तो आजही वाटतो. गौरवग्रंथात खोटे लिहू नये.

तक्रार ऐकून बाई म्हणाल्या, "तात्या, तुम्ही इतकं सुरेख वाचता, की विचारायचं धाडस कोणाला होत नाही. वेदिकाला झालं, तो दोष माझा."

पुढच्या श्रावणाआधी मंडळी म्हणू लागली, "तात्या वाचतत बरां, पन कायेक कळना नाय." पोथी बाईंनीच वाचावी, असे ठरत आले. माझा मान जाणार, हे मी जाणून होतो. बाईंनी मात्र स्वच्छ नकार दिला. "पोथी तात्याच वाचतील. मी ऐकायला बसेन."

आदल्या दिवशी त्यांनी मला बंद पाकिटात चिठ्ठी पाठवली. 'राजा राज्य सोडून निघतो, तेव्हा राणी गप्प का राहते? उद्या मी हे विचारणार आहे.' मी त्या ओव्या दिवसभर पुन्हा पुन्हा वाचल्या. इतक्या वर्षांत राणीकडे माझे लक्ष गेले नव्हते.

देवळात बाईंनी प्रश्न विचारला. मी म्हणालो, "ती बोलली असती, तर तो थांबला असता. म्हणून." कोणी हसले नाही. वेदिका माझ्याकडे पाहत राहिली.

त्या चिठ्ठीविषयी बाई आजवर कोणाजवळ बोललेल्या नाहीत. ते मीच येथे उघड करीत आहे.

बाईंनी साठी पूर्ण केली. परमेश्वर त्यांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य देवो. त्यांनी दर श्रावणात पहिल्या रांगेत बसावे, आणि यापुढे प्रश्न मला आधी न कळवता विचारावा.